सासरी सगळ्यांना पचणारे दूध मला का पचत नाही?

मालवणची लेक (प्रश्न)

नमस्कार. माझे माहेर मालवणचे आणि सासर हरियाणातील हिसार जिल्ह्यातले. लग्नाला सहा वर्षे झाली. हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे आणि येथे जाणकार मंडळी आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

माहेरी दूध म्हणजे चहापुरते आणि नैवेद्यापुरते. स्वयंपाकात नारळाचा रस, जेवणाच्या शेवटी सोलकढी, फार तर ताक. मोठ्या माणसाने पेला भरून नुसते दूध प्यावे, हे मी लग्नाआधी क्वचितच पाहिले होते. सासरी दारात तीन मुऱ्हा म्हशी आहेत. दुपारी मातीच्या भांड्यात दूध घालून ते गोवऱ्यांच्या मंद आचेवर ठेवतात. संध्याकाळपर्यंत ते किंचित तांबूस होते आणि त्यावर बोटभर साय धरते. रात्री जेवणानंतर सासूबाई प्रत्येकाच्या हातात पितळी पेला देतात. मी एकदा पाणी घालून मोजून पाहिले, तर तो जवळजवळ अर्ध्या लिटरचा भरला. सासरे पंच्याहत्तर वर्षांचे आहेत आणि तो पेला रिकामा करून ते शांत झोपतात. माझ्या पोटात मात्र तासाभरात गुडगुड सुरू होते, पोट तट्ट फुगते, कळ येते आणि पहाटेपर्यंत दोन-तीन वेळा पातळ शौचाला जावे लागते.

घरचे लोक प्रेमळ आहेत. त्यांचे म्हणणे एवढेच, की सवय नाही म्हणून असे होते, पीत राहिले की पचायला लागेल. पहिल्या वर्षी मी तीन महिने नेटाने पीत राहिले आणि माझे वजन चार किलोंनी उतरले. त्यानंतर पेला घ्यायचा आणि कोणी पाहत नसताना यजमानांच्या पेल्यात ओतायचा, असे चालले आहे. कोणी प्रेमाने दिलेले अन्न असे लपवून टाळावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

विचित्र गोष्ट अशी, की दिवसातून तीन वेळा चहा घेतला तरी मला काही होत नाही. दही आणि ताक पचते. पेढे किंवा खीर जास्त झाली की त्रास होतो. आई सांगते, की लहानपणी मी वाटीभर दूध आनंदाने पीत असे. मग लहानपणी पचणारे दूध मोठेपणी का पचू नये? आणि एकाच ताटातले जेवणाऱ्या दोन माणसांमध्ये एवढा फरक का पडावा? माझ्या प्रकृतीत काही दोष आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे.


प्रयोगवही

ताई, मी बत्तीस वर्षे महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले. तुमच्या शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी देतो, कारण तेच तुम्हाला अधिक छळत असावे. तुम्ही केलेले वर्णन मोठेपणी दुग्धशर्करा न पचण्याचे आहे आणि तो प्रकृतीतला दोष नाही. जगातल्या प्रौढ माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसांची स्थिती तुमच्यासारखीच आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने कारण शोधायचे झाले तर ते तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत शोधावे लागते, कारण वेगळी गोष्ट त्यांच्या शरीरात घडलेली आहे.

दुधातल्या साखरेला दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज म्हणतात. गाईच्या आणि म्हशीच्या दुधात ती साधारण पाच टक्के असते, मातेच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या शर्करा जोडून ती बनते आणि ही जोडी तशीच्या तशी रक्तात शिरू शकत नाही. ती तोडण्याचे काम लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावरील लॅक्टेज नावाचे विकर (एन्झाइम) करते. विद्यार्थ्यांना हे दाखवण्यासाठी मी दर वर्षी एक प्रयोग करत असे. दोन परीक्षानळ्यांत दूध घ्यायचे, एकीत औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लॅक्टेजचे चार थेंब टाकायचे आणि थोड्या वेळाने दोन्हींत ग्लुकोज ओळखणारी कागदी पट्टी बुडवायची. थेंब टाकलेल्या नळीतल्या पट्टीचा रंग बदलतो, दुसरीतल्या पट्टीचा बदलत नाही. (येथे शर्करा ओळखणारे बेनेडिक्टचे द्रावण वापरून चालत नाही, कारण दुग्धशर्करा स्वतःच त्या द्रावणाचा रंग बदलते आणि दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात, नवे शिक्षक येथे हमखास चुकतात.) तुमच्या आतड्यात आज जे घडते ते थेंब न टाकलेल्या नळीसारखे आहे.

न तुटलेली शर्करा पुढे सरकते आणि वाटेत आतड्यात पाणी ओढून घेते, त्यामुळे शौचास पातळ होते. मोठ्या आतड्यात गेल्यावर तेथले जिवाणू ती आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काही जणांमध्ये मिथेन हे वायू तयार होतात. तुमची गुडगुड आणि तट्ट फुगलेले पोट ही त्या वायूंचीच लक्षणे आहेत.

आता लहानपणीचे. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांमध्ये हे विकर जन्मतः भरपूर असते आणि आईचे दूध पिणे सुटल्यावर ते कमी होत जाते. वासराचे तसेच, मांजराचे तसेच. माणसातही बहुतेकांमध्ये दोन-तीन वर्षांच्या वयापासून ही घट सुरू होते आणि मोठेपणी विकराचे प्रमाण तान्ह्या वयाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येऊन थांबते. जनुक बिघडलेले नसते. लॅक्टेजचे जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे आणि ते तुमच्याकडेही पूर्ण शाबूत आहे; वयानुसार त्याचे काम मंदावत नेले जाते, एवढेच.

मग काहींमध्ये ते मंदावत का नाही? याचे उत्तर २००२ मध्ये फिनलंडमधील लीना पेल्टोनेन आणि इर्मा यार्वेला यांच्या गटाने शोधले. डीएनएची साखळी ए, सी, जी आणि टी या चार रासायनिक अक्षरांची बनलेली असते. लॅक्टेजच्या जनुकाच्या अलीकडे १३,९१० अक्षरांवर, एमसीएम६ नावाच्या शेजारच्या जनुकाच्या आत, एक अक्षर असते. बहुतेकांच्या डीएनएमध्ये तेथे 'सी' असते. ज्यांना मोठेपणी दूध पचते अशा फिनलंडच्या लोकांमध्ये तेथे 'टी' आढळले. ही जागा लॅक्टेजच्या जनुकाचे नियंत्रण करते. 'टी' असले की नियंत्रण करणारी प्रथिने तेथे अधिक घट्ट बसतात आणि जनुक आयुष्यभर चालू राहते. आईकडून किंवा वडिलांकडून 'टी'ची एकच प्रत मिळाली तरी पुरते.

चहाचे कोडे केवळ प्रमाणाचे आहे. तुमच्या एका कपात पन्नास मिलिलिटर दूध धरले तर अडीच ग्रॅम दुग्धशर्करा होते आणि तीही दिवसभरात विभागून पोटात जाते. रात्रीच्या पितळी पेल्यात मात्र एकदम चोवीस-पंचवीस ग्रॅम असते. ज्यांचे विकर कमी झालेले आहे अशांपैकी बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही, असे आजवरच्या चाचण्यांतून दिसते. तुम्ही त्या मर्यादेच्या दुप्पट घेत होता.

सवयीबद्दल सासूबाईंचे म्हणणे पूर्ण चुकीचे म्हणता येणार नाही. दूध प्यायल्याने लॅक्टेज वाढत नाही, हे निश्चित. परंतु रोज थोडी थोडी दुग्धशर्करा पोटात जात राहिली तर मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची रचना बदलते, वायू कमी धरतो आणि लक्षणे सौम्य होतात. त्याची सुरुवात मात्र अर्ध्या कपापासून आणि जेवणासोबत करायची असते.


तपासनीस

मी डॉक्टर आहे, म्हणून थोडक्यात सावधगिरीच्या चार गोष्टी सांगते. वरील विवेचन योग्य आहे, परंतु दूध प्यायल्यावर पोट बिघडते एवढ्यावरून स्वतःच निष्कर्ष काढू नये. तीव्र जुलाबाच्या आजारानंतर किंवा गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजारात आतड्याच्या अस्तरालाच इजा होते आणि तेव्हाही लॅक्टेज घटते. मूळ आजार बरा झाला की ते बहुधा परत येते. तुमचे वजन उतरले, हे मला दुर्लक्ष करण्यासारखे वाटत नाही, विशेषतः आहारात गहू वाढलेला असताना. दुधाची अ‍ॅलर्जी हा आणखी वेगळा विषय आहे: त्यात दुधातल्या प्रथिनांविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा उठते, अंगावर गांधी येतात, ओठ सुजतात, श्वास लागू शकतो, आणि तेथे थोडेसे दूधही धोक्याचे ठरते.

पोटविकारतज्ज्ञांकडे हायड्रोजन श्वास चाचणी होते. उपाशीपोटी एकदा श्वासाचा नमुना घेतात, मग पंचवीस किंवा पन्नास ग्रॅम दुग्धशर्करा पाण्यात देतात आणि पुढचे तीन तास ठरावीक अंतराने फुंकर मारायला लावतात. श्वासातला हायड्रोजन मुळापेक्षा दशलक्षात २० भागांनी किंवा अधिक वाढला तर शर्करा पचलेली नाही, असे धरतात. आधीच्या महिन्यात प्रतिजैविके घेतली असतील तर तसे तपासणीपूर्वी जरूर सांगा, कारण मग आतड्यातले जिवाणू कमी झालेले असतात आणि निकाल फसवा येतो. सिलिअ‍ॅकसाठी रक्ततपासणीही त्याच भेटीत करून घ्या. ती करण्यापूर्वी गहू बंद करू नका.


गीरप्रेमी

माझा अनुभव वेगळा आहे. मलाही पिशवीच्या दुधाने पोट जड होत असे. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेतावर गीर गाय आणली, तेव्हापासून सकाळी कपभर धारोष्ण दूध घेतो आणि काही त्रास नाही. देशी गाईच्या दुधात ए२ प्रथिन असते, तेच पचायला हलके असते. ताईंनी म्हशीचे दूध सोडून देशी गाईचे घेऊन पाहावे.


विरजण

मी गेली अठरा वर्षे दुग्धप्रक्रियेच्या कामात आहे. गीरप्रेमींचा अनुभव मी खोटा ठरवत नाही, पण त्यावरून ताईंना दिलेला सल्ला मला धोक्याचा वाटतो. ए१ आणि ए२ हे बीटा केसीन या प्रथिनाचे प्रकार आहेत. त्यांचा दुग्धशर्करेशी संबंध नाही. गीर गाईच्या दुधात दुग्धशर्करा इतर गाईंच्या दुधाइतकीच असते आणि म्हशीचे दूध तर बहुतेक ए२च असते, म्हणजे ताई गेली सहा वर्षे ए२ दूधच पीत आहेत. तुम्ही आता कपभर घेता. त्यात दहा ग्रॅमच्या आत दुग्धशर्करा असेल. मला वाटते तुमचे बरे वाटणे त्या कपाच्या आकारात आहे. कृपया कच्चे दूध मात्र उकळून घ्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस या जनावरांकडून येणाऱ्या तापाच्या आजाराचा संसर्ग होतो आणि तो महिनोन्महिने पाठ सोडत नाही.

ताई, तुमच्या प्रश्नातली दोन वाक्ये वाचून मला आमच्या कामाची आठवण झाली: दही-ताक पचते, पेढे पचत नाहीत. दुधाचे काय केले की दुग्धशर्करेचे काय होते, हे पाहिले की दोन्ही वाक्ये उलगडतात.

उष्णतेने दुग्धशर्करा जात नाही. तुमच्याकडचे गोवऱ्यांवरचे दूध तांबूस होते, ते दुग्धशर्करा आणि प्रथिने यांच्यातील अभिक्रियेने, पण त्यात शर्करेचा अगदी अल्प भाग खर्च होतो. उलट पाणी आटते, म्हणून तेवढ्याच पेल्यात शर्करा अधिक भरते. खव्यात हे टोकाला जाते. पाच लिटर दुधाचा किलोभर खवा निघतो, तेव्हा दुधातली जवळजवळ सगळी दुग्धशर्करा त्या एका किलोत येऊन बसते. पेढा, बासुंदी, रबडी ही सगळी याच वाटेने जाणारी मंडळी आहेत. बिस्किटे आणि पावांमध्ये घातलेल्या दूधभुकटीकडेही लक्ष ठेवा. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत निम्मी दुग्धशर्करा असते.

विरजण लावले की गोष्ट बदलते. दह्याचे जिवाणू दुग्धशर्करा खाऊन आम्ल तयार करतात. दही नीट लागेपर्यंत साधारण पाव हिस्सा शर्करा संपलेली असते, आणि अदमुऱ्या दह्यात त्याहून कमी संपलेली असते. पण दही पचण्याचे मोठे कारण वेगळे आहे. त्या जिवाणूंपाशी शर्करा तोडणारे स्वतःचे विकर असते. जिवंत दही पोटात गेले की ते जिवाणू आतड्यात फुटतात आणि त्यांचे विकर तेथे कामाला येते. दही घट्ट असल्यामुळे पोटातून हळू पुढे सरकते, त्याचाही उपयोग होतो. म्हणूनच जेवणातले साधे दही सोसते आणि तेच दही घालून उकळलेली कढी अधिक खाल्ली तर काहींना जड जाते. उकळीत जिवाणू आणि त्यांचे विकर दोन्ही नष्ट होतात.

चक्क्याचे उदाहरण तर घरात बघता येते. दही पंचात बांधून टांगले की रात्रभर खाली भांड्यात हिरवट-पिवळी निवळी थेंबथेंब गळत राहते. ती चाखून पाहा. आंबटाच्या मागून किंचित गोड लागते, तीच विरघळलेली दुग्धशर्करा. जेवढी निवळी गळेल तेवढी शर्करा चक्क्यातून कमी होते. पनीरचेही तसेच. तुपात ती जवळजवळ नसतेच, त्यामुळे तुमच्या सासरच्या बाजरीच्या भाकरीवरचे तूप तुम्ही निर्धास्त घ्या. बाजारात दुग्धशर्करामुक्त दूधही मिळते. ते आम्ही लॅक्टेज घालूनच तयार करतो, आणि ते नेहमीच्या दुधापेक्षा गोड लागते, कारण सुटे झालेले ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज हे जोडीपेक्षा गोड असतात. त्यात साखर मिसळलेली आहे, अशी तक्रार ग्राहक नेहमी करतात; तसे नसते.


खापरखुणा

विषयाची दुसरी बाजू राहून जाऊ नये म्हणून लिहितो. मालवण आणि हिसार यांच्यातला फरक ताईंनी स्वतःच्या पोटात अनुभवला, तो संशोधकांनीही मोजलेला आहे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत दिल्लीतल्या निरोगी माणसांपैकी २७.४ टक्के लोकांना दुग्धशर्करा सोसत नाही असे आढळले, तर त्रिवेंद्रम आणि पाँडिचेरी येथे हेच प्रमाण ६६.६ टक्के होते. नंतर २०१२ मध्ये भारतीय उपखंडातील २,२८४ नमुन्यांचा डीएनए तपासला गेला. प्रयोगवहींनी सांगितलेले 'टी' अक्षर वायव्येकडे अधिक आढळते आणि आग्नेयेकडे जावे तसे कमी होत जाते, असा सर्वसाधारण उतार त्यात दिसला. अर्थात शेजारी राहणाऱ्या दोन समाजांतही मोठे अंतर आढळले, त्यामुळे केवळ गावावरून कोणाचे पोट ओळखता येत नाही. हिसारमध्येही दूध न सोसणारे लोक असणारच. ते कदाचित ताईंसारखेच पेला लपवत असतील.

त्या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की वशिंडाची गाय सिंधू खोऱ्याच्या परिसरात सुमारे सात हजार वर्षांपूर्वी स्वतंत्रपणे माणसाळली गेली, आणि तरी भारतीयांमधला 'टी' हा स्वतंत्रपणे उपजलेला निघाला नाही. तो युरोपातल्या 'टी'शी एकाच मूळ पूर्वजाकडून आलेला आहे. त्याच्या आजूबाजूचा डीएनएचा लांबलचक तुकडाही दोन्हीकडे तोच आहे. म्हणजे गाय येथली आणि दूध पचवणारे अक्षर माणसांच्या स्थलांतराबरोबर आलेले.

आफ्रिकेत मात्र वेगळेच घडले. सारा टिश्कॉफ यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले, की टांझानिया, केनिया आणि सुदान येथल्या पशुपालकांमध्ये हा 'टी' नसतानाही दूध पचते. त्यांच्याकडे त्याच नियंत्रक भागात, थोड्या थोड्या अंतरावर, दुसरीच अक्षरे बदललेली आहेत. अरबस्तानातल्या उंटपालकांमध्ये आणखी एक बदल सापडतो. ज्या समाजांनी गुरे पाळली त्यांच्यात एकच क्षमता निरनिराळ्या वाटांनी उपजली.

ही क्षमता एवढी का पसरली, यावर अजून वाद आहे. पूर्वीचा समज असा होता, की दूध पौष्टिक असल्यामुळे ते पचवणारे अधिक जगले. परंतु २०२२ मध्ये रिचर्ड एव्हरशेड, मार्क थॉमस आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या साडेपाचशेहून अधिक प्राचीन स्थळांवरील खापरांमध्ये मुरलेल्या चरबीचे सुमारे सात हजार नमुने तपासले. दूध वापरणे तेथे सुमारे नऊ हजार वर्षांपासून चालू होते, आणि 'टी' मात्र इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारासच सर्रास दिसू लागतो. हजारो वर्षे लोक दूध न पचताही ते वापरत होते. या संशोधकांचे म्हणणे असे, की एरवी न पचलेले दूध म्हणजे थोडी अस्वस्थता, पण दुष्काळात खंगलेल्या किंवा रोगाने ग्रासलेल्या माणसाला जुलाब झाले तर तो दगावतो. अशा वेळी 'टी' असणारे वाचले. मला हे स्पष्टीकरण पटते. केवळ पौष्टिकपणाने एवढा वेगवान प्रसार समजत नाही.

आणि ज्यांच्याकडे 'टी' नव्हता त्यांनीही दूध सोडले नाही. मंगोलियात बहुसंख्य प्रौढांना दुग्धशर्करा पचवणारे विकर नसते, तरीही घोडी, याक, मेंढी आणि उंट यांच्या दुधाचे पदार्थ हा त्यांच्या आहाराचा मोठा भाग आहे, कारण ते दूध बहुतांशी आंबवून खातात. आपल्याकडचे दही, ताक, चक्का आणि तूप मला त्याच दृष्टीने पाहावेसे वाटतात. ताईंच्या माहेरी नुसते दूध पीत नसत आणि ताक मात्र असे, ही त्या अनुभवाचीच रीत असू शकते.


मालवणची लेक

सर्वांचे मनापासून आभार. लिहायला सात आठवडे लागले, कारण मी तपासणी करून मगच उत्तर द्यायचे ठरवले होते. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी ठीक आली. श्वास चाचणीत पंचवीस ग्रॅमनंतर दुसऱ्या तासापासून आकडा चढत गेला आणि तिसऱ्या तासाला तो मुळापेक्षा ६४ ने अधिक होता. चाचणी चालू असताना सासूबाई माझ्याबरोबर त्या बाकावर बसल्या होत्या. माझ्या पोटातला आवाज त्यांना शेजारी ऐकू येत होता. घरी आल्यावर त्या फार काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री माझ्यासमोर पेल्याऐवजी दह्याची वाटी आली, आणि आता दुपारी तोच पितळी पेला भरून ताक मिळते. सासऱ्यांनी मला विचारले, की आधी का सांगितले नाहीस. त्यावर मला उत्तर देता आले नाही.

आता एकच शंका आहे. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला आजोबांइतकेच दूध आवडते आणि अजून काही त्रास नाही. ती माझ्यावर जाईल की वडिलांवर, हे आधी कळते का? आणि मी दूध घेत नाही म्हणून माझ्या कॅल्शियमचे काय करावे?


प्रयोगवही

ताई, निकाल वाचून समाधान वाटले. सासूबाई स्वतः बरोबर आल्या, याचे अधिक वाटले.

मुलीचा हिशेब असा. तुमच्याकडे त्या जागी दोन्ही प्रती 'सी' आहेत असे धरू, म्हणजे तुमच्याकडून तिला 'सी'च मिळाला. यजमानांना दूध पचते, म्हणजे त्यांच्याकडे किमान एक 'टी' असण्याची दाट शक्यता आहे. त्यांच्या दोन्ही प्रती 'टी' असतील तर मुलीला एक 'टी' नक्की मिळालेला आहे आणि तो पुरेसा आहे. एकच 'टी' असेल तर तो मिळण्याची आणि न मिळण्याची शक्यता समसमान. यजमानांच्या नुसत्या पचनावरून हे दोन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत, कारण एक 'टी' असलेला आणि दोन असलेला माणूस दोघेही रात्री पेलाभर पिऊन शांत झोपतात.

तिला आज दूध पचते, यावरून पुढचे काही ठरत नाही. चौथ्या वर्षी विकर अजून पुष्कळ शिल्लक असू शकते आणि पुढे काही वर्षे ते हळूहळू कमी होत जाते, म्हणून आत्ता श्वास चाचणी करून उपयोग नाही. जनुकीय तपासणी उपलब्ध आहे, पण तिच्यावाचून तुमचे काही अडत नाही. दूध ती आवडीने पिते तोवर पिऊ द्यावे. सात-आठ वर्षांची झाल्यावर किंवा नंतर कधी तिने स्वतःहून पेला बाजूला सारला, पोट दुखते म्हणाली, तर तो नखरा समजू नये, एवढी एक गोष्ट घरात आताच सांगून ठेवा.

कॅल्शियमसाठी दही, ताक आणि पनीर तुमच्यासाठी खुलेच आहेत. विरजण लावल्याने कॅल्शियम कमी होत नाही. त्याशिवाय शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे १२०. नाचणीतले सगळे अंगी लागत नाही, पण मोड आणून दळले तर अधिक लागते. तीळ आहेत, राजगिरा आहे, आणि माहेराहून सुकट किंवा काट्यासकट खाता येणारी बारीक सुकी मासळी येत असेल तर तीही. हिसारला नाचणी सहज मिळत नसेल, तर मालवणहून येताना पाच किलो घेऊन या.